रस्ता का उखडला हे विचारू नका, मोजमाप पुस्तिकेची पानं मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गल्लीतला सिमेंट काँक्रीटचा रस्ता एका पावसाळ्यात उखडला. तुम्ही नगरपरिषदेत माहिती अधिकारात अर्ज दिला. रस्ता इतक्या लवकर खराब का झाला, जबाबदार अधिकारी कोण, ठेकेदारावर काय कारवाई करणार, असं विचारलंत आणि शेवटी ‘सदर रस्त्याची संपूर्ण माहिती द्यावी’ असंही लिहिलंत. उत्तर आलं, ‘मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ आता अपील करायचं की नवा अर्ज, असं तुम्ही विचारताय.

मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरी केली. काही वर्षं जन माहिती अधिकारी म्हणून असे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. निवृत्तीनंतर लोकांना अर्ज लिहून देते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगू शकते.

खरी अडचण नकाराची नाही. तुम्ही जाब विचारलात आणि हा कायदा कागद देतो. कलम २(च) मधली ‘माहिती’ची व्याख्या भरपूर ऐसपैस आहे. अभिलेख, दस्तऐवज, टिपण्या, ई-मेल, अहवाल, नमुने, करार, नोंदवह्या, सगळं त्यात बसतं. पण हे सगळं कार्यालयात आधीपासून अस्तित्वात असायला हवं. तुमच्यासाठी नवं स्पष्टीकरण लिहून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलं आहे की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या सीबीएसईच्या प्रकरणात, जी माहिती अभिलेखात आहे तीच देणं बंधनकारक आहे, असं स्पष्ट केलं. तेव्हा ‘रस्ता का उखडला’ याचं उत्तर नाकारलं, तिथे भांडण्यात अर्थ नाही.

तरी तुम्हाला आलेलं पत्र निर्दोष आहे असंही नाही. कलम ७(१) प्रमाणे नकार फक्त कलम ८ आणि ९ मधल्या कारणांसाठीच देता येतो, आणि ‘प्रश्नार्थक’ हे कारण त्या दोन्हींत कुठेही नाही. जबाबदार अभियंत्याचं नाव तर अभिलेखात असतंच, ते प्रश्नचिन्ह लावून विचारलं म्हणून नाकारता येत नाही. शिवाय नकाराच्या पत्रात अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं हे लिहिणं कलम ७(८) नुसार सक्तीचं आहे. तुमच्या पत्रात ते आहे का बघा. बऱ्याच वेळा नसतं.

आता अपील की नवा अर्ज? हे मुदतीवर ठरतं. नकाराचं पत्र मिळून ३० दिवस झाले नसतील तर नाव आणि पदनामापुरतं अपील जरूर करा. पण खरा जोर नव्या, नीट लिहिलेल्या अर्जावर लावा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अपिलाला वीस रुपयांचा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायला काही आडकाठी नाही. मुदत उलटून गेली असेल तर जुन्या पत्राचा नाद सोडा.

नवा अर्ज लिहिण्याआधी नगरपरिषदेत एका रस्त्याचे कागद कसे तयार होतात ते माहीत हवं. आधी अभियंता अंदाजपत्रक करतो. सभेचा ठराव किंवा प्रशासकीय मान्यता होते, सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मंजुरी मिळते. मग निविदा, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, करारनामा, आणि कार्यादेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. इथपर्यंतचे कागद बहुधा स्वच्छ असतात, कारण ते टेबलावर बसून केलेले असतात. ई-निविदा झाली असेल तर यातलं काही तुम्हाला महाटेंडर्सच्या संकेतस्थळावरच सापडेल. ते आधी बघून घ्या, त्यासाठी अर्जाचे शब्द खर्च करू नका.

गंमत पुढे सुरू होते. काम झालं की कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमाप घेऊन ते मोजमाप पुस्तिकेत लिहितो. कार्यालयात तिला कुणीही पूर्ण नावाने हाक मारत नाही, ती एम.बी. तिची पानं छापील क्रमांकाची असतात, म्हणजे मधलं पान गायब झालं तर लगेच कळतं. प्रत्येक बाबीपुढे लांबी, रुंदी, जाडी आणि त्यावरून निघालेलं परिमाण, खाली सही आणि तारीख. वरिष्ठ अभियंता त्यातल्या काही नोंदी तपासून सही करतो. मग त्यावरून देयक, म्हणजे बिल, तयार होतं आणि लेखा विभागात येतं. देयकावर एम.बी. क्रमांक आणि पान क्रमांक लिहिलेला असतो. आम्ही लेखावाले रस्ता बघायला कधी जात नव्हतो. आमच्यासाठी रस्ता म्हणजे ती पानं. म्हणून तुमच्यासाठीही तीच पानं सगळ्यात मोलाची.

ती हातात आली की काय बघायचं? एम.बी.मध्ये रस्त्याची रुंदी ४ मीटर लिहिली असेल तर टेप घेऊन रस्त्यावर जा आणि चार-पाच ठिकाणी मोजा. जाडी १५ सेंटीमीटर लिहिली असेल तर उखडलेल्या कडेला किंवा पाइपसाठी खोदलेल्या जागी पट्टी लावा, बाजूला काहीतरी ओळखू येईल असं ठेवून फोटो काढा. लांबीत सहसा चोरी होत नाही, ती डोळ्यांना दिसते. जाडीत होते. आणि खालच्या थराचं, म्हणजे मुरूम आणि खडीकरणाचं मोजमाप तर नीट वाचाच. जुन्याच रस्त्यावर काँक्रीट ओतलं असेल आणि एम.बी.मध्ये खोदाई व खडीकरण लिहिलं असेल, तर गल्लीतला प्रत्येक माणूस साक्षीदार आहे.

दुसरी बघण्याची जागा तारखांची. काँक्रीटची ताकद तपासायला १५० मिलीमीटरचे ठोकळे भरतात आणि ते सात व अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघतात. ताकद मानली जाते ती अठ्ठावीस दिवसांची. आता एम.बी.तली शेवटची नोंद, चाचणी अहवालाची तारीख आणि अंतिम देयकाची तारीख शेजारी शेजारी मांडा. काँक्रीट ओतल्यावर दोन आठवड्यांत अंतिम देयक निघालं असेल, तर अठ्ठावीस दिवसांचा अहवाल त्याला जोडला कसा? किंवा अहवालावर ठोकळे भरल्याची तारीखच कार्यादेशाच्या आधीची आहे, असंही दिसतं. हे कुणावर आरोप करून सिद्ध होत नाही. तीन तारखा एका ओळीत लिहिल्या की समोरचा अधिकारी गप्प बसतो.

म्हणून तुमचे तीन प्रश्न असे वळवा. ‘का उखडला’ याऐवजी चाचणी अहवाल आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल मागा. ‘जबाबदार कोण’ याऐवजी कामावर देखरेखीसाठी नेमलेल्या अभियंत्याच्या नेमणुकीचा आदेश आणि एम.बी.वर सह्या करणाऱ्यांची नावं व पदनामं मागा. ‘कारवाई काय करणार’ हे तर भविष्याबद्दलचं आहे, ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं. त्याऐवजी काम पूर्ण झाल्यापासून आजपर्यंत ठेकेदाराला पाठवलेल्या नोटिसा आणि पत्रांच्या प्रती मागा, आणि पुढे लिहा: ‘अशी पत्रे नसल्यास तसे लेखी कळवावे.’ यावर बहुतेक वेळा एका शब्दाचं उत्तर येतं, ‘निरंक’. लोकांना वाटतं, काहीच मिळालं नाही. अहो, रस्ता उखडून सहा महिने झाले आणि ठेकेदाराला एक पत्र गेलं नाही, हे नगरपरिषदेने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की! तो कागद जपून ठेवा.

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये सुधारणा झाली, तेव्हापासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द असं बंधन आहे. ‘संपूर्ण माहिती’ हे शब्द तर टाकूच नका. संपूर्ण म्हणजे काय हे ठरवण्याची सूट त्याने समोरच्याला मिळते. अर्जाचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र ‘अ’, त्यात विषय, कालावधी आणि तपशील असे रकाने असतात. तुमच्या अर्जाचा मजकूर साधारण असा होईल:

‘विषय: प्रभाग क्रमांक अमुक मधील अमुक चौक ते अमुक चौक सिमेंट काँक्रीट रस्त्याचे काम. कालावधी: प्रशासकीय मान्यतेच्या दिनांकापासून या अर्जाच्या दिनांकापर्यंत. तपशील: वरील कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, करारनाम्यातील दोष दायित्व कालावधीची अट असलेले पान, मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची सर्व पाने, अदा केलेली चालू व अंतिम देयके, काँक्रीट चाचणी अहवाल व त्रयस्थ तपासणी अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला, ठेकेदारास पाठवलेल्या नोटिसा, नसल्यास तसे लेखी. तसेच या कामाची मूळ नस्ती पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.’

दोष दायित्व कालावधी म्हणजे काय ते शेवटी सांगते. मजकुरातलं शेवटचं वाक्य, नस्ती म्हणजे फाइल पाहण्याचं, विसरू नका. कलम २(ञ) मध्ये प्रतींबरोबरच अभिलेखांची आणि प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा, टिपणं काढण्याचा, साहित्याचे साक्षांकित नमुने घेण्याचाही हक्क आहे. माझं मत विचाराल तर आधी पाहणी आणि मग प्रती, हाच क्रम चांगला. फाइल समोर आली की कोणतं पान कामाचं ते कळतं आणि जे मागायला सुचलंच नव्हतं तेही दिसतं. टिपणीची बाजू, म्हणजे फाइलच्या डावीकडची हिरवी पानं, नक्की वाचा. ‘दर जास्त वाटतात, फेरविचार व्हावा’ असा एखाद्या लिपिकाचा शेरा तिथे निमूट पडलेला असतो. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, पुढे किरकोळ शुल्क. पुणे महापालिकेने २००९ मध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइली लोकांना बघू देण्याची पद्धत पाडली होती आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून ती इतरत्र नेली. तुमच्याकडे तशी वेळ ठेवतात का ते चौकशी खिडकीवर विचारून बघा. ठेवत असतील तर अर्ज न करताच बरंच काम होईल.

पाहणीला एकटे जाऊ नका, सोबत कुणी तरी न्या. बघितलेल्या पानांचे क्रमांक वहीत लिहा आणि निघताना त्याच क्रमांकांच्या प्रती हव्या असल्याचं पत्र आवक विभागात देऊन पोच घ्या. मोबाइलवर फोटो काढू देतात की नाही, हे त्या त्या कार्यालयावर आणि खरं तर समोर बसलेल्या माणसावर अवलंबून असतं. नाही म्हटलं तर तिथे हुज्जत घालू नका.

अर्ज कुठे द्यायचा? नगरपरिषदेत दर्शनी भागात जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांच्या नावांचा फलक असायला हवा. खात्यानुसार वेगवेगळे अधिकारी असतील तर बांधकाम विभागाचा निवडा. चुकीच्या माणसाकडे गेला तरी घाबरू नका. रस्ता मुळात सार्वजनिक बांधकाम विभागाने केला आहे असं निघालं, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांचीच. अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पाठवायचा असेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे, पण तुमची नगरपरिषद त्या यादीत आहे का ते आधी तपासा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) त्यासाठीच आहे.

त्यानंतर ३० दिवस. इथे एक गोष्ट लोकांना महाग पडते. मुदत संपत आली की एक पत्र येतं: इतकी पानं, पानाला दोन रुपये, इतकी रक्कम भरा. हे पत्र रवाना झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये मोजले जात नाहीत. पत्र घरात पडून राहिलं तर उशीर तुमच्या खात्यावर जातो. उलट ३० दिवस पूर्ण होऊनही काहीच आलं नाही, तर कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यावी लागते. म्हणून पाकीट फेकू नका. पत्रावरची तारीख आणि पाकिटावरची टपालाची तारीख यांत कधी कधी चांगलंच अंतर सापडतं.

नकाराची काही ठरावीक कारणं आहेत. ‘ठेकेदाराची वैयक्तिक माहिती’ हे आता जास्त ऐकू येईल. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) बदललं आहे. वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे, जुन्या कलमातला जनहिताचा अपवाद गेला. पण कलम ८(२) शिल्लक आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि मुळात सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाची एम.बी. आणि देयक ही कुणाची वैयक्तिक माहिती होत नाही. ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक, पॅन, घरचा पत्ता झाकून बाकीचा कागद देण्याची सोय कलम १० मध्ये आहे. हवं तर अर्जातच लिहा की हा तपशील वगळला तरी हरकत नाही. निम्मी पळवाट तिथेच बुजते. ‘ठेकेदाराने हरकत घेतली’ हेही कारण देतात. कलम ११ नुसार त्याचं म्हणणं ऐकायचं असतं, त्याची परवानगी लागत नाही.

‘फाइल सापडत नाही’ हे कायद्यातलं कारणच नाही. असं उत्तर आलं तर अपिलात म्हणायचं की फाइल शोधावी, न सापडल्यास जबाबदारी निश्चित करावी आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे कारवाई करावी. त्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे हे कार्यालयात सगळ्यांना माहीत असतं. मी नोकरीत असताना हरवलेल्या फाइली असं अपील दाखल झाल्यावर कपाटामागून निघालेल्या पाहिल्या आहेत. ‘चौकशी चालू आहे’ असं म्हटलं तर माहिती दिल्याने चौकशीला नेमकी बाधा कशी येते हे त्यांनी सांगायचं असतं. नुसती चौकशी चालू असणं पुरेसं नाही.

पहिलं अपील त्याच नगरपरिषदेतल्या वरिष्ठाकडे, बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारी. ३० दिवसांत करायचं, त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा. अपील लांबवू नका. कोणत्या तारखेला काय मागितलं, काय मिळालं, काय नाही, आणि नकाराचं कारण कलम ८ किंवा ९ मध्ये कसं बसत नाही, एवढं पानभर पुष्कळ झालं. भ्रष्टाचार, संगनमत हे शब्द अपिलात आले की सुनावणी त्या शब्दांवर घसरते. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावर टाकला आहे, तो आपल्या खांद्यावर कशाला घ्यायचा?

दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड अधिकाऱ्याला वैयक्तिक लावू शकतो, आणि या दंडाची भीती खरी असते. पण आयोगात प्रकरणं तुंबलेली आहेत. सुनावणीला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं हे धरून चाला. काही लोक कलम १८ ची तक्रार करतात. तिथे दंड होऊ शकतो, पण माहिती द्या असा आदेश त्यातून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. तुम्हाला कागद हवेत, तेव्हा तुमचा रस्ता कलम १९ चा, म्हणजे अपिलाचा.

लहान गावात अर्ज कुणी दिला हे संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला कळतं, हेही लक्षात ठेवा. ते थांबवता येत नाही. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी स्वतंत्रपणे एकाच कामाचे वेगवेगळे कागद मागितले, तर कुणा एकावर रोख राहत नाही आणि शब्दमर्यादेचा प्रश्नही सुटतो. धमकी आली तर तोंडी वाद न घालता पोलिसांत लेखी द्या.

आता तुमच्या बाबतीत सगळ्यात घाईची गोष्ट, आणि तिचा माहिती अधिकाराशी थेट संबंधही नाही. निविदेच्या अटीत दोष दायित्व कालावधी असतो. तेवढ्या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. त्यासाठी देयकातून कापलेली सुरक्षा अनामत नगरपरिषदेकडे पडून असते आणि हा कालावधी संपला की ती परत जाते. एकदा परत गेली की ठेकेदाराला बोलावण्यासाठी नगरपरिषदेच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून कागद येण्याची वाट न बघता, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आजच एक साधं पत्र द्या: अमुक रस्ता अमुक तारखेपासून उखडला आहे, फोटो जोडले आहेत, दोष दायित्व कालावधीत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी आणि ती होईपर्यंत त्याची सुरक्षा अनामत परत करू नये. एक प्रत लेखा विभागालाही द्या, अनामत परत करण्याचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावरून जातो. दोन्हींवर आवक शिक्का घ्या.